वाळवंटातला वारा आणि उद्यमबागेतली भट्टी

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला बेळगाव-कोल्हापूरकडून सौंदत्तीला जाणाऱ्या भाविकांना वाटेत माळावरच्या पवनचक्क्या दिसतात. त्या दिवसांत पाती बहुधा संथ फिरत असल्यामुळे ‘हे पंखे बंदच पडलेत की काय’ असा शेरा गाडीत हमखास ऐकू येतो. या यंत्रांची खरी सुगी असते ती ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत. उन्हाळ्यात राजस्थान आणि सिंधचा वाळवंटी पट्टा तापून तिथला हवेचा दाब उतरला की अरबी समुद्रावरून नैऋत्येचे वारे ओढले जातात, आणि तेच सह्याद्री ओलांडून सौंदत्ती, गदगच्या उघड्या माळांवर येतात. आपल्या माळावरचा वारा बऱ्याच अंशी थरच्या वाळवंटाने ओढून आणलेला असतो.

वाळवंटी वाऱ्याला कामाला जुंपणे नवे नाही. इराणच्या पूर्वेकडील सिस्तान भागात उन्हाळ्यात सुमारे 120 दिवस एकाच दिशेने जोरदार वारा वाहतो आणि त्यावर चालणाऱ्या, उभ्या आसाच्या मातीच्या पवनचक्क्या तिथे हजार वर्षांहून आधीपासून धान्य दळत असत. वारा जिथे, जाते तिथेच. आपल्याकडे गोकाकची सूत गिरणी 1880 च्या दशकात धबधब्याच्या काठी उभी राहिली त्यामागेही हेच कारण होते. ताकद दूर वाहून नेण्याची सोय नसली की कारखान्यालाच तिच्याकडे जावे लागते.

वीज तारेवरून नेता येऊ लागल्यावर हे बंधन सैल झाले. 1973 च्या तेलसंकटानंतर कॅलिफोर्नियाने करसवलती देऊन मोहावे वाळवंटाच्या कडेच्या टेहाचापी खिंडीसारख्या जागी हजारो यंत्रे उभी राहू दिली. भारतात 1986 साली ओखा, तुतिकोरिन आणि आपल्या शेजारच्या रत्नागिरीत प्रत्येकी 55 किलोवॉटची यंत्रे प्रयोगादाखल बसवली गेली. सुरतेत कापडाचा व्यवसाय करणाऱ्या तुलसी तांती यांनी विजेच्या त्रासाला कंटाळून पवनचक्क्यांकडे मोर्चा वळवला आणि 1995 मध्ये सुझलॉन ही कंपनी काढली. याच कंपनीने 2001 पासून जैसलमेरच्या वाळूत उभारत नेलेल्या प्रकल्पाची क्षमता 2012 पर्यंत 1,000 मेगावॉटच्या पुढे गेली होती.

यंत्रे उभी करणे मात्र सोपे ठरले; खरी अडचण वीज वाहून नेणाऱ्या तारेची होती. चीनच्या गान्सू प्रांतातील गोबीच्या कडेला इतक्या पवनचक्क्या लागल्या की 2016 मध्ये तिथली सुमारे 43 टक्के पवनऊर्जा घेणाराच नव्हता. मग 2017 मध्ये 2,383 किलोमीटर लांबीची, 800 किलोव्होल्टची एकदिश (डीसी) वीजवाहिनी थेट हुनान प्रांतापर्यंत नेण्यात आली. जैसलमेरात उच्चदाबाच्या तारांवर माळढोक आदळून मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये त्या भूमिगत करण्याचा आदेश दिला आणि व्यवहार्यतेच्या प्रश्नावरून 2024 मध्ये तो शिथिल केला.

मोरोक्कोने वेगळी वाट धरली. 2010 च्या कायद्याने तिथल्या उद्योगांना स्वतःसाठी हरित वीज तयार करण्याची किंवा ती थेट उत्पादकाकडून घेण्याची मुभा मिळाली. तारफायाजवळ, अटलांटिकच्या व्यापारी वाऱ्यांत, 131 यंत्रांचा 301 मेगावॉटचा प्रकल्प 2014 मध्ये पूर्ण झाला. पश्चिम सहारातील फुम एल वेदचा 50 मेगावॉटचा प्रकल्प बू क्रा येथील फॉस्फेट खाणीला वीज पुरवतो. तो प्रदेश वादग्रस्त आहे आणि तिथली जमीन, वारा व खनिज कोणाचे यावर आजही भांडण चालू आहे. सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हा इतिहास बेळगावला लागू पडतो तो इथल्या फौंड्रींमुळे, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांमुळे. उद्यमबाग किंवा मच्छे भागात विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते. मध्येच लाईट गेली आणि ती लवकर आली नाही, तर भट्टीतला रस गोठतो आणि आतले अस्तर फोडून काढावे लागते. अशा कारखान्याला वीज स्वस्त हवी आणि त्याहून अधिक ती अखंड हवी. 2003 च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकाला हेस्कॉमसारख्या वितरण कंपनीबाहेरून वीज घेण्याची, म्हणजे ‘खुल्या प्रवेशा’ची, वाट मोकळी केली. 2005 च्या नियमांनुसार प्रकल्पात किमान 26 टक्के भागीदारी घेऊन किमान 51 टक्के वीज स्वतः वापरणाऱ्यांना तो ‘स्वतःचा’ प्रकल्प मानता येतो. हरित विजेसाठी खुल्या प्रवेशाची मर्यादा 2022 मध्ये 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आली आणि मध्यम फौंड्रीही हिशेबात आली.

तरीही त्या हिशेबात एक खाच आहे. जादा युनिटे साठवून नंतर वापरण्याची, म्हणजे बँकिंगची, हमी 2022 चे नियम फक्त महिन्याच्या मापाने देतात. आषाढातले युनिट मार्गशीर्षापर्यंत टिकेल याची शाश्वती नाही, आणि जैसलमेरची वीज घेतली तरी तिथला वारा त्याच मोसमातला. म्हणून इथले उद्योजक आता वाऱ्याच्या जोडीला सौरऊर्जेचा हिस्सा धरूनच करारांचा विचार करतात. तरीही दिवस मावळल्यावर भट्टी पेटवायची असेल, तर यात्रेच्या महिन्यात वीज शेवटी हेस्कॉमचीच घ्यावी लागते.