थाळनेर

खानदेशातील तापीकाठचे ऐतिहासिक गाव. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात नदीच्या उत्तर तीरावर ते वसले आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. त्यामुळे पंचक्रोशीत नाव कानावर पडते ते ‘थायनेर’ असे. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी हीच, बऱ्हाणपूर नंतरचे.

तापीच्या दरडी उंच, त्यामुळे पूर्वी गाड्या आणि लमाणांचे तांडे पार करायच्या जागा मोजक्याच असत. बऱ्हाणपूर-सुरत ही व्यापाराची वाट नदीच्या अंगानेच जाई. थाळनेरचे महत्त्व या वाटेमुळे होते.

१३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला इथली जहागीर दिली. शिकारीत वाट चुकलेल्या भुकेल्या सुलतानाला त्याने खाऊ घातले, त्याचे हे बक्षीस, अशी कथा फरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. पुढे १३८२ मध्ये मलिक राजा स्वतंत्र झाला. खलिफा उमर फारुक यांचा वंशज म्हणवून घेत असल्याने त्याचे घराणे फारुकी ठरले. त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेऊन बऱ्हाणपूर वसवले आणि राजधानी तिकडे गेली. थाळनेर धाकट्या भावाकडे होते, तेही नसीरने १४१७ मध्ये माळव्याच्या मदतीने हिसकावले. तरीही मलिक राजा, नसीरखान, मीरान आदिलखान आणि १४५७ मध्ये वारलेला मुबारकखान हे चौघेही थाळनेरच्याच मातीत आहेत. दरबार बऱ्हाणपूरला भरत होता, पण शेवटच्या विसाव्यासाठी राजे आपल्या जुन्या गावी येत, ही गोष्ट इथल्या साऱ्या लढायांपेक्षा अधिक बोलकी वाटते. मकबऱ्यांपैकी बहुतेक चौकोनी आहेत. एक मात्र अष्टकोनी असून त्याच्या घडीव दगडावर बारीक नक्षी कोरलेली आहे. खानदेशात एवढी जुनी सुलतानी कारागिरी इतरत्र क्वचितच दिसेल. तिच्यासाठी वाट वाकडी करून यावे.

किल्ल्याची एक बाजू थेट तापीतून वर येते. उरलेल्या तीन बाजूंना खोल घळ होती. वाट एकच, पूर्वेकडून, आणि तिच्यावर एकामागून एक पाच दरवाजे. मराठेशाहीत तो होळकरांकडे आला. जानेवारी १८१८ च्या मंदसौर तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला, पण किल्लेदार तुळशीराम याने किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपच्या तोफा लागल्या. शेवटच्या दरवाजापाशी शरणागतीची बोलणी चालू असताना घोटाळा झाला, आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. मग सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल झाली आणि त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी दिली गेली. आपल्या धन्याने केलेला तह न मानणे हा गुन्हा धरला, तरी त्याला ही शिक्षा अन्यायाचीच होती. या फाशीचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटातही निघाला.

पुढे वाटाच बदलल्या. सुरत-भुसावळ लोहमार्ग तापीच्या दक्षिणेने अमळनेर, नंदुरबारवरून गेला. मुंबई-आग्रा महामार्ग शिरपूरवरून सातपुड्याकडे वळतो. दोन्ही वाटांनी थाळनेरला बगल दिली. किल्ल्याची तटबंदी आता बरीचशी ढासळली आहे. नदीकडच्या अंगाला उभे राहिले, की खाली तापीचे रुंद पात्र दिसते आणि सुरतेकडे जाणारी जुनी दिशा नजरेनेच ओळखू येते.