बिघडलेली वस्तू आणि हात वर करणारा दुकानदार: ग्राहक आयोगात तक्रार कुठे अडते

नवा फ्रिज महिन्याभरात गार करेनासा होतो, गीझर शॉक देऊ लागतो, टीव्हीच्या पडद्यावर रेघा येतात. दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं: "आम्ही फक्त विकतो, कंपनीला फोन करा." कंपनीचा माणूस येतो, काहीतरी काढतो-बसवतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. बरेचजण इथेच नाद सोडतात. जे ग्राहक आयोगापर्यंत, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या न्यायालयासारख्या यंत्रणेपर्यंत जातात, त्यांची बाजू खरी असूनही प्रकरण एखादा कागद नसल्यामुळे पडतं, आणि ते पाहून फार वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा तो कागद वेळेवर मागितला असता तर मिळाला असता.

आधी दुकानदाराचं बघू. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला नकार देणं ही त्यातली 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. बिलावर परतीची मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत व्हायला हवेत. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. त्यामुळे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का सदोष वस्तूच्या बाबतीत तुमचा हक्क काढून घेऊ शकत नाही. मात्र रंग आवडला नाही किंवा दुसरीकडे स्वस्त मिळालं, हा दोष नव्हे. ऑनलाइन खरेदीतही विक्रेत्याला सदोष वस्तू नाकारता येत नाही. पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, असा २०२० चा नियम आहे.

तरीही एकट्या दुकानदारावर तक्रार करू नका. "दोष उत्पादनातला आहे, मी यंत्र उघडलेलंही नाही," असं तो म्हणतो आणि आयोगाला ते पटू शकतं. विक्रेता आणि उत्पादक कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. वाढीव वॉरंटी वेगळे पैसे भरून घेतली असेल, तर ती देणारी कंपनी बहुधा तिसरीच असते. तिच्या कागदावरचं नाव वाचा आणि तिलाही जोडा.

तुम्ही 'ग्राहक' आहात का?

घरच्या वापरासाठी विकत घेतलेल्या वस्तूबाबत प्रश्नच नाही. भेट मिळालेली वस्तू वापरणाराही ग्राहकच ठरतो, कारण खरेदीदाराच्या संमतीने वापरणारा व्याख्येत येतो. अडचण होते ती जीएसटीच्या बिलाची. कर वाचावा म्हणून घरचा एसी फर्मच्या नावावर घेतला जातो आणि नंतर समोरचा वकील तेच बिल दाखवून म्हणतो, ही व्यापारी कारणासाठीची खरेदी आहे. मग वस्तू घरात आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. घरची वस्तू घरातल्या माणसाच्याच नावावर घ्या. पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याला मात्र कायद्याने सवलत दिली आहे: शिवणकाम करणाऱ्या बाईंनी स्वतः चालवण्यासाठी घेतलेलं विजेचं शिलाई यंत्र व्यापारी खरेदी ठरत नाही. अर्जात 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी' हे शब्द स्पष्ट लिहा.

जॉबशीट: जी कुणाकडेच नसते

सगळ्यात जास्त तक्रारी इथे कोसळतात. बिल असतं, वॉरंटी कार्ड असतं, पण यंत्र कधी बिघडलं आणि तंत्रज्ञाला त्यात काय आढळलं, याचा एकही कागद नसतो. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते. "चार वेळा माणूस आला होता" हे तुमचं म्हणणं झालं. चार जॉबशीट, म्हणजे प्रत्येक भेटीत तंत्रज्ञाने भरून दिलेले नोंदीचे कागद असतील तर तो पुरावा होतो.

म्हणून प्रत्येक भेटीची जॉबशीट तंत्रज्ञ दारातून बाहेर पडायच्या आत मागून घ्या. तिच्यावर तारीख, यंत्राचा अनुक्रमांक, तुम्ही सांगितलेली तक्रार, त्याला दिसलेला बिघाड आणि बदललेला भाग एवढं असलंच पाहिजे. काम झालेलं नसताना 'समाधानकारक' या रकान्यात सही करू नका आणि फोनवर आलेला ओटीपीही देऊ नका. त्या एका ओटीपीने तक्रार 'निराकरण झाली' म्हणून बंद होते आणि पुढे कंपनी तीच नोंद आयोगासमोर ठेवते. तंत्रज्ञ कागद देत नसेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा: अमुक तक्रार क्रमांक, अमुक वाजता भेट, बिघाड कायम. "व्होल्टेज कमी-जास्त झाल्यामुळे जळलं" असं तोंडी सांगितलं जातं तेव्हा तेही लिहून मागा. कशाच्या आधारावर म्हणता, मोजलं का, हे विचारा. लिहून द्यायची वेळ आली की हे कारण पुष्कळदा मागे पडतं.

दुकानातलं बिल बहुधा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतं आणि वर्षभरात कोरं होतं. घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवा.

आणखी एक कळकळीची विनंती: वैतागून बाहेरच्या मेकॅनिककडून यंत्र उघडू नका आणि भंगारातही देऊ नका. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. वस्तूच हाती नसेल तर तपासायचं काय?

दोन वर्षं कुठून मोजायची

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज दाखल व्हायला हवा. यात दोन गैरसमज वारंवार दिसतात. पहिला, कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे आयोगात जायलाही दहा वर्षं. तसं नाही, वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी. दुसरा, कंपनीशी ईमेल चालू आहेत तोवर मुदत थांबलेली आहे. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. बिघाडाची पहिली लेखी तक्रार ज्या दिवशी केली त्या दिवसापासून मोजा, म्हणजे वाद झाला तरी तुम्ही सुरक्षित. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज सकारण जोडावा लागतो. 'माहिती नव्हती' हे कारण सहसा चालत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ चांगली आहे. तिथे फोन केल्यावर पुष्कळ कंपन्या हलतात, म्हणून आधी तिथे नोंद जरूर करा. पण तो खटला नव्हे. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही आणि तिथल्या नोंदीने दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही. तिथला क्रमांक मिळाला म्हणजे केस दाखल झाली, असं समजून वर्षभर थांबणारी माणसं आहेत.

अर्ज आणि कागद

वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, म्हणजे घरगुती वस्तू जवळपास सगळ्या इथेच. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी तिकडे जावं लागत नाही. वॉरंटी कार्डावर 'फक्त अमुक शहरातील न्यायालय' असं छापलेलं पाहून घाबरू नका. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. शुल्क भरपाईच्या मागणीवर नव्हे, दिलेल्या किमतीवर ठरतं, त्यामुळे शुल्काच्या भीतीने भरपाई कमी मागण्याचं कारण नाही.

अर्ज ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. वकील सक्तीचा नाही आणि महाराष्ट्रात मराठीतून लिहिलेली तक्रार चालते. वकिलामार्फत नोटीस पाठवणंही कायद्याने सक्तीचं नाही. स्वतः साध्या भाषेत लिहिलेलं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तक्रार, तिला जोडलेलं प्रतिज्ञापत्र, ओळख व पत्ता यांचा पुरावा, बिल, वॉरंटी, जॉबशीट, ईमेल, नोटीस आणि पोच हे सगळं अनुक्रमणिकेसह, पान क्रमांक घालून, वाचता येईल असं स्कॅन करा. पुसट प्रत आणि क्रमांक नसलेली पानं एवढ्यावरून त्रुटी काढून अर्ज परत येतो. सामान्य माणसाला त्यासाठी पुन्हा हेलपाटे घालायला लावणं संतापजनक आहे, पण आज तरी ते तसंच आहे.

विरुद्ध पक्षाचं नाव पाटीवरून लिहू नका, बिलावरून लिहा. पाटीवर एक नाव आणि बिलावर दुसरीच फर्म असं सर्रास असतं. कंपनीचा पत्ता सर्व्हिस सेंटरचा नको, नोंदणीकृत कार्यालयाचा हवा. नाहीतर नोटीस न बजावता परत येते आणि तारखा वाया जातात.

मागणीच्या परिच्छेदात पर्याय द्या: वस्तू बदलून द्यावी, ते शक्य नसल्यास पूर्ण किंमत व्याजासह परत करावी. मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागा. जे मागितलंच नाही ते मिळण्याची आशा धरू नका.

गीझरचा शॉक बसला, आग लागली, कुणी भाजलं, तर प्रकरण 'उत्पादन दायित्वा'त, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या किंवा नुकसानीच्या जबाबदारीत जातं. तिथे उपचाराचे कागद, फोटो आणि आग असल्यास अग्निशमन दलाचा अहवाल लागतो. यंत्रावर आयएसआय चिन्ह असेल तर त्यालगतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासून घ्या. तो खोटा निघाला तर तुमची बाजू खूप मजबूत होते. अशा प्रकरणात विक्रेता सरसकट जबाबदार नसतो. पण उत्पादक कोण हेच कळत नसेल, किंवा जोडणी-तपासणीत विक्रेत्याने हयगय केली असेल, तर तोही सुटत नाही.

दाखल झाल्यावर

अर्ज स्वीकारायचा की नाही हे सर्वसाधारणपणे २१ दिवसांत ठरायला हवं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढवून आणखी १५. त्यानंतरचं उत्तर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या प्रकरणात ४५ दिवस उलटले असतील तर ते आयोगाच्या नजरेस आणा. प्रयोगशाळेची तपासणी नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बराच जास्त वेळ लागतो. आयोगांमधल्या रिकाम्या खुर्च्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली होती. मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर ऐकून घ्या, पण तडजोड लेखी आणि तारखेसह करा.

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. समोरच्याला राज्य आयोगाकडे अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र त्यासाठीचा अर्ज तुम्हालाच करावा लागतो.