भेद्य नायक (ॲक्शनपट)

ज्याला मार लागतो, धाप लागते, भीती वाटते, ज्याचा नेम किंवा अंदाज चुकतो आणि यातल्या प्रत्येक गोष्टीची भरपाई ज्याला पुढच्या प्रसंगांत करावी लागते, असा ॲक्शनपटाचा नायक किंवा नायिका म्हणजे भेद्य नायक. व्याख्येतला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. कपाळावर रक्ताचा ओघळ आला म्हणून कोणी भेद्य ठरत नाही. त्या जखमेमुळे त्याला जिना चढता आला नाही, बंदूक डाव्या हातात घ्यावी लागली, मदत मागावी लागली, तर तो भेद्य. भेद्यता आणि दुबळेपणा यांतही गल्लत होते. दुबळ्याला लढताच येत नाही. भेद्य नायकाला उत्तम लढता येते, फक्त आज तेवढे पुरेल का, हे त्याला ठाऊक नसते आणि प्रेक्षकालाही.

अभेद्य वीर आणि त्यांच्यात ठेवलेले भोक

वीराला अभेद्य केले की कथेत कुठेतरी भोक ठेवावेच लागते. होमरच्या ‘इलियड’मधला अकिलीस साधा मर्त्य माणूस आहे. एकविसाव्या सर्गात ॲस्टेरोपिअस या शत्रूयोद्ध्याचा भाला त्याच्या हाताला चाटून जातो आणि रक्त येते. आईने स्टिक्स नदीत बुडवल्याने त्याचे अंग अभेद्य झाले, ही कथा फार नंतरची. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे आढळते, आणि टाच कच्ची ठेवण्याची गरज त्यामुळेच पडली. दुर्योधनाचेही तेच. गांधारीच्या दृष्टीने त्याचे शरीर वज्राचे झाले आणि झाकलेल्या मांड्या तेवढ्या राहिल्या, ही लोकप्रिय कथा व्यासांच्या महाभारतात नाही. तिथे मांडी फोडण्यामागे भीमाची प्रतिज्ञा आहे. सुपरमॅन १९३८ साली कॉमिकमध्ये अवतरला आणि पाचच वर्षांत, १९४३ मध्ये, त्याच्या रेडिओ मालिकेला त्याला दुबळे करणारा क्रिप्टोनाइट हा पदार्थ शोधून काढावा लागला. कॉमिकमध्ये तो १९४९ साली आला.

चित्रपटांत ही सोय लवकर अंगवळणी पडली. अकिरा कुरोसावा यांच्या ‘योजिम्बो’मध्ये (१९६१) तलवारबाज नायक पकडला जातो, बेदम मार खातो, सरपटत निसटतो, आणि बरा होताना उडत्या पानावर सुरी फेकण्याचा सराव करतो. तो परतेल याची खात्री असूनही प्रेक्षक ते पान बघत राहतो. ‘जंजीर’च्या (१९७३) इन्स्पेक्टरला लहानपणीच्या खुनाची स्वप्ने झोपू देत नाहीत. ‘दीवार’च्या (१९७५) विजयच्या हातावर बापाला चोर ठरवणारे शब्द गोंदलेले आहेत. ही जखम मारामारीत मिळालेली नाही आणि मारामारी जिंकून ती भरणारीही नाही. विजयचा प्रत्येक ठोसा त्या गोंदणाला दिलेले उत्तर वाटतो, आणि दरवेळी ते उत्तर अपुरे पडते.

प्रेक्षक का गुंततो

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेविषयी सांगितलेले सूत्र इथे जसेच्या तसे लागू पडते: करुणा वाटते ती नाहक दुःख भोगणाऱ्याबद्दल, आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच कुणावर संकट आले म्हणजे. ज्याला गोळी लागूच शकत नाही, त्याच्याबद्दल यांतले काहीच वाटत नाही. वाटते फार तर कौतुक, आणि नुसत्या कौतुकावर दोन तास निघत नाहीत.

माध्यमांचे मानसशास्त्र अभ्यासणारे डॉल्फ झिलमन यांनी उत्कंठेची मांडणी अशी केली की, ती जागी होण्यासाठी दोन गोष्टी एकदम लागतात: पात्र आवडते असणे आणि त्याचे वाईट होण्याची शक्यता खरी वाटणे. शिवाय धोक्यामुळे वाढलेली छातीची धडधड धोका टळल्याबरोबर थांबत नाही. ती सुटकेच्या आनंदात मिसळून तो आनंद वाढवते. नायकाने जेवढा मार खाल्ला असेल तेवढी शेवटची टाळी मोठी पडते, ती यामुळेच.

तिसरा धागा इलियट ॲरनसन यांच्या १९६६ सालच्या प्रयोगाचा. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेच्या उमेदवाराची ध्वनिफीत ऐकवण्यात आली. एक उमेदवार ९२ टक्के उत्तरे बरोबर देणारा, दुसरा ३० टक्के. काही फितींत शेवटी उमेदवार स्वतःच्या अंगावर कॉफी सांडतो. कॉफी सांडणारा हुशार उमेदवार सर्वांत आवडता ठरला. तीच फजिती झालेला सामान्य उमेदवार मात्र आणखी नावडता झाला. पटकथाकाराने यातून घ्यायचा धडा क्रमाचा आहे. नायकाचे कसब आधी दिसले पाहिजे, धडपडणे नंतर. पहिल्या वीस मिनिटांत तो फक्त मारच खात असेल तर प्रेक्षक त्याच्याकडे कीव करून पाहतो, आणि कीव एकदा रुजली की तिचे आदरात रूपांतर करणे फार जड जाते.

एक उदाहरण जवळून: ‘डाय हार्ड’ (१९८८)

दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन यांचा हा चित्रपट या विषयाचे पाठ्यपुस्तक मानला जातो. ब्रूस विलिस तेव्हा दूरचित्रवाणीवरच्या विनोदी ढंगाच्या मालिकेमुळे ओळखीचे होते. पिळदार देहाच्या ॲक्शन नायकांच्या रांगेत ते बसत नव्हते, आणि हे चित्रपटाच्या पथ्यावर पडले. पण खरी कारागिरी पायांची आहे.

सुरुवातीलाच विमानातला सहप्रवासी विलिस यांच्या पात्राला, जॉन मॅक्लेन या पोलिसाला, सल्ला देतो: मुक्कामी पोचल्यावर बूटमोजे काढ आणि गालिच्यावर पायाची बोटे आवळ, शीण जाईल. मॅक्लेन ते करून बघतो, आणि नेमके तेव्हाच तो ज्या इमारतीत आहे तिच्यावर सशस्त्र टोळी हल्ला करते. हातात पिस्तूल, पाय उघडे. पहिल्या शत्रूला मारल्यावर तो त्याचे बूट घालून पाहतो, ते लहान निघतात. हसू येते आणि पाय पुन्हा एकदा लक्षात राहतात. पुढे खलनायक हान्स ग्रुबर त्याच्यासमोर येतो तेव्हा ते उघडे पाय त्याच्याही नजरेत भरतात, आणि नंतरच्या चकमकीत तो साथीदाराला माणसावर नव्हे, काचांवर गोळ्या झाडायला सांगतो.

यानंतरचा प्रसंग चित्रपटाचा मध्य. मॅक्लेन न्हाणीघरात बसून तळव्यातले काचेचे तुकडे हाताने उपसतो आणि वॉकीटॉकीवर बाहेरच्या पॉवेल या पोलिसाशी बोलतो. बोलता बोलता तो बायकोसाठी निरोप देतो: मी चुकलो, हे तिला सांग. एरवी जे शब्द त्याच्या तोंडून निघाले नसते, ते काचेने बाहेर काढले. इथून पुढे तो लंगडतो, पायाला चिंधी बांधलेली असते, आणि शेवटच्या सामन्यात त्याच्याकडे उरतात दोन गोळ्या. पायांची पेरणी चार वेळा झाली आहे: सल्ला, लहान बूट, खलनायकाची नजर, काच. त्यामुळे तळव्यातले रक्त योगायोगाचे वाटत नाही. काही दृश्यांत विलिस यांच्या पायात रबरी पावले होती आणि नीट पाहिले तर एके ठिकाणी ती ओळखूही येतात; तरी काच उपसताना प्रेक्षक आपले पाय आक्रसून घेतो.

याच मालिकेच्या चौथ्या भागात (२००७) मॅक्लेन लढाऊ विमानाच्या पाठीवरून घसरत खाली येतो आणि चालू लागतो. नाव तेच, माणूस वेगळा.

पडद्यामागचे काम

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. विसाव्या दिवशी चित्रित होणाऱ्या मारामारीत पाय मुरगळणार असेल, तर पहिल्याच दिवशी नटाला तो मुरगळलेला पाय घेऊन चालावे लागते. म्हणून रंगभूषा, वेशभूषा आणि कंटिन्युइटी (दृश्यादृश्यांमधली सुसंगती) पाहणारे मिळून जखमांचा तक्ता करतात. दृश्य क्रमांक, कथेतली वेळ, शरीराचा भाग, डावा की उजवा, जखमेचा टप्पा, कपड्यांचा टप्पा असे त्याचे रकाने असतात. सर्वाधिक चुका डाव्या-उजव्यात होतात, विशेषतः आरशातल्या दृश्यांत. शर्टाचे पाच टप्पे ठरले आणि प्रत्येक टप्प्याला नट, स्टंट डबल (नटाऐवजी धोक्याची कामे करणारा) आणि राखीव असे तीन नग धरले, तर एकाच शर्टाचे पंधरा नग होतात. लंगडण्याची ढब डबललाही तशीच बसवावी लागते.

जखमेला काळाचा रंग असतो. ताजे रक्त लालभडक, वाळलेले तपकिरी. मुका मार आधी लालसर, एकदोन दिवसांत निळाजांभळा, आणि बहुधा आठवड्याच्या आसपास हिरवट-पिवळा होतो. एका रात्रीत घडणाऱ्या कथेत नायकाच्या डोळ्याखाली पिवळट डाग दिसला तर सामान्य प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल.

मारामारी बसवताना मार देणाऱ्यापेक्षा खाणाऱ्यावर जास्त वेळ खर्चावा लागतो. ठोशानंतर लगेच दृश्य तोडले तर ताकद दिसते, वेदना दिसत नाही. अर्धा सेकंद, म्हणजे बारा फ्रेम, चेहऱ्यावर थांबले की मार पोचतो. जीव तोडून केलेल्या झटापटीत अर्ध्या मिनिटात धाप लागते. तेव्हा ठोसे हळू, रुंद आणि चुकणारे होत जायला हवेत. पार्क चान-वूक यांच्या ‘ओल्डबॉय’मधली (२००३) बोळातली मारामारी एकाच सलग शॉटमध्ये, बाजूने दिसते. नायक थकतो, शत्रूही थकतात, मध्येच सगळे नुसते उभे राहून श्वास घेतात, आणि नायकाच्या पाठीत रुतलेली सुरी तशीच असते. ध्वनिमिश्रणात त्या श्वासाला ठोशाइतकीच जागा द्यावी लागते. संगीत चढवले की दम ऐकू येत नाही आणि निम्मी भेद्यता तिथेच जाते.

जॅकी चॅन यांनी हे विनोदातून साधले. भक्कम लाकडी टेबलावर गुद्दा मारला की त्यांचे पात्र हात झटकते. ‘पोलीस स्टोरी’सारख्या (१९८५) त्यांच्या चित्रपटांच्या शेवटी श्रेयनामावलीसोबत फसलेले स्टंट आणि खऱ्या दुखापतीही दाखवल्या जातात, त्यामुळे आधी पाहिलेल्या उड्यांची किंमत मागाहून कळते. २०१७ साली ‘मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट’च्या चित्रीकरणात एका इमारतीवरून दुसरीवर उडी घेताना टॉम क्रूझ यांचा घोटा मोडला, आणि तोच शॉट चित्रपटात ठेवला गेला.

शरीराला न लागताही

‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये (२०१५) अंधारात शत्रूच्या दिव्यावर मॅक्स नेम धरतो आणि चुकतो. गोळी एकच उरते तेव्हा तो बंदूक मुकाट्याने सोबतच्या फ्युरिओसा या नायिकेच्या हाती देतो. ती त्याच्याच खांद्यावर नळी टेकवून दिवा फोडते. रक्ताचा थेंब नाही, संवाद जवळजवळ नाही, आणि दोघांमधला विश्वास त्या टेकवलेल्या नळीत येतो. ‘कसिनो रोयाल’मध्ये (२००६) जिन्यावरच्या हाणामारीनंतर बाँड आरशासमोर रक्त धुतो, दारूचा घोट घेतो आणि स्वतःकडे बघत उभा राहतो. नवा सदरा घालून तो पुन्हा पत्त्यांच्या टेबलावर बसतो तेव्हा त्या सदऱ्याखाली काय आहे हे समोरच्या खेळाडूंना नाही, पण प्रेक्षकाला माहीत असते.

कुठे फसते

सर्वांत नेहमीचा दोष शोभेच्या जखमेचा. भुवईवर एक चीर, ओठाच्या कोपऱ्यात लाल रेघ, केस जागच्या जागी. पुढच्या दृश्यात हेही पुसलेले. खांद्यात लागलेली गोळी ही तर पटकथेची लाडकी सोय आहे. प्रत्यक्षात खांद्यातून मोठी रक्तवाहिनी आणि हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे जाते. तिथली गोळी जीव घेऊ शकते किंवा हात कायमचा लुळा करू शकते. डोक्यात दांडका बसून तासभर बेशुद्ध पडलेला माणूसही मान चोळत उठत नाही, त्याच्या मेंदूला गंभीर इजा झालेली असते.

मालिकांमध्ये दुसरा रोग बळावतो. ‘फर्स्ट ब्लड’चा (१९८२) रॅम्बो दंडावरची जखम स्वतः शिवतो आणि शेवटी मित्राच्या मृत्यूच्या आठवणीने ढसाढसा रडतो, १९८५ च्या दुसऱ्या भागात तो जवळजवळ युद्धयंत्र होतो. ‘जॉन विक’च्या दुसऱ्या भागात (२०१७) नायकाला गोळी न शिरणारा सूट मिळाला आणि धोका पातळ झाला. चौथ्या भागाने (२०२३) यावर चांगला तोडगा काढला. पॅरिसमधल्या सॅक्रे-कूर चर्चकडे जाणाऱ्या २२२ पायऱ्या, सूर्योदयापूर्वी वर पोचण्याची अट, आणि वरच्या टप्प्यापर्यंत आलेला नायक गडगडत थेट खाली. सूट गोळी अडवतो, पायऱ्या अडवत नाही.

तिसरा दोष उसन्या दुःखाचा. नायकाला हळवे करण्यासाठी बायको, प्रेयसी किंवा मुलगी पहिल्या दहा मिनिटांत मारून टाकायची आणि तिला स्वतःचे काही ठेवायचेच नाही. कॉमिकमधल्या या सवयीची यादी कॉमिक लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ साली ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ या नावाने मांडली. चित्रपटांत ती अजून सर्रास दिसते. मेलेली व्यक्ती कोण होती हे प्रेक्षकाला कळलेच नसेल, तर नायकाचे दुःख ही नुसती माहिती राहते.

अतिरेकही होतो. प्रत्येक दृश्यात नायक कण्हत असेल तर वेदना पार्श्वसंगीतासारखी होते, ऐकू येईनाशी होते. दोन-तीन दुखापती पुरतात, पण त्या शेवटपर्यंत सांभाळाव्या लागतात.

या सगळ्याची उलटी बाजू वासन बाला यांच्या ‘मर्द को दर्द नहीं होता’ने (२०१८) तपासली. नाव घेतले १९८५ च्या ‘मर्द’मधल्या गाजलेल्या संवादावरून. इथल्या नायकाला जन्मतःच वेदना जाणवत नाही. ऐकायला ही अभेद्यता वाटते. पण लागलेले त्याला कळत नाही, रक्त वाहतेय हे दुसऱ्याने सांगावे लागते, आणि अंगातले पाणी कमी झाले की तो कोसळतो. म्हणून तो पाठीवर पाण्याची पिशवी बांधून लढायला उतरतो.