पार्श्वभूमी: महासाथीनंतरचे विद्यार्थी आणि दहा मिनिटांची अट

महासाथीत महाविद्यालयीन मुलामुलींचे चालणे, धावणे, खेळणे घटले, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहेत ते किती घटले आणि त्यातले किती परत आले, यावर. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी हा गुंता मोजमापापाशीच येऊन अडतो.

मागचा इतिहास थोडक्यात असा. १९६२च्या युद्धानंतर महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची झाली आणि १९६८ला ती ऐच्छिक झाली. पुढे अनेक ठिकाणी शारीरिक शिक्षण उरले ते पहिल्या वर्षापुरते: हजेरी, एक चाचणी, गुणपत्रिकेवर श्रेणी. दुसऱ्या वर्षापासून मैदानावर दिसायची ती संघात निवडलेली मुले. घसरण जुनीच आहे. २०२४मध्ये आलेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०००मध्ये भारतातले सुमारे २२ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २०२२पर्यंत ते प्रमाण वाढून जवळपास ५० टक्क्यांवर गेले. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२.

मार्च २०२०च्या मध्याला वर्ग बंद झाले, वसतिगृहे रिकामी झाली. जूनच्या सुरुवातीला मोकळ्या जागी चालायला-धावायला परवानगी मिळाली. जिम त्या वर्षीच्या दसऱ्याला उघडल्या, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाल्या. महाविद्यालये फेब्रुवारी २०२१मध्ये निम्म्या उपस्थितीने जेमतेम सुरू होऊन थांबली. खऱ्या अर्थाने ती उघडली २० ऑक्टोबर २०२१ला, आणि जानेवारी २०२२मध्ये पुन्हा काही आठवडे बंद राहिली. जिमची फी भरू शकणाऱ्याला व्यायामाची जागा कितीतरी आधी मिळाली. महाविद्यालयाच्या मैदानावर विसंबलेला विद्यार्थी मात्र ताटकळत राहिला. हा निर्णयांचा क्रम चुकला होता, असेच म्हणावे लागते.

आता मोजमाप. अशा पाहण्यांत बहुतेक वेळा जी प्रश्नावली वापरली जाते, ती मागच्या सात दिवसांचा हिशेब विचारते: दमवणारे श्रम किती, मध्यम श्रम किती, चालणे किती. चालण्याला ३.३, मध्यम श्रमाला ४, दमवणाऱ्याला ८ असा भार देऊन मिनिटांना गुणायचे आणि बेरीज करायची. बेरीज ठरलेल्या पातळीखाली गेली की विद्यार्थी 'अपुरा सक्रिय'. अट एकच: सलग किमान दहा मिनिटे केलेलेच धरायचे.

या अटीने विद्यार्थ्याच्या दिवसाचे काय होते ते पाहा. बसथांब्यापासून फाटकापर्यंत सहा मिनिटे. तिसऱ्या मजल्यावर वर्ग, तळमजल्यावर प्रयोगशाळा, पलीकडच्या इमारतीत ग्रंथालय, मधल्या सुट्टीत कँटीन. दिवसभरात तासभर पायांवर, पण एकही तुकडा दहा मिनिटांचा नाही. प्रश्नावलीत शून्य. ऑनलाइन तासांच्या काळात हे सगळे चालणे एका फटक्यात गेले. प्रश्नावलीत तेव्हाही शून्यच. २०२२मध्ये ते परत आले, तरी शून्य. टाळेबंदीने जे सर्वांत आधी हिरावले, तेच मोजणीत कधी नव्हते. म्हणून 'व्यायाम पूर्ववत झाला' किंवा 'झाला नाही' असे ठाम निष्कर्ष वाचताना आधी प्रश्नावली पाहावी.

त्यात नोव्हेंबर २०२०मध्ये, ऐन महासाथीत, जागतिक आरोग्य संघटनेची हालचालीविषयीची मार्गदर्शक तत्त्वेच बदलली. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल, आणि तुकडा कितीही लहान असला तरी चालेल. सल्ल्यातून दहा मिनिटांची अट गेली, पण जुनी प्रश्नावली वापरातून गेली नाही. शिवाय प्रौढ म्हणजे १८ वर्षांचा; १७ वर्षांपर्यंत रोज सरासरी ६० मिनिटे अपेक्षित. प्रथम वर्षाच्या एकाच बाकावर दोन वेगवेगळ्या कसोट्यांची मुले बसलेली असतात.

मुलींचे उत्तर याहून अवघड. वसतिगृहातून घरी गेलेल्या कितीतरी जणींच्या वाट्याला पाणी भरणे, धुणे, शेतातली कामे आली. 'व्यायाम करता का?' या प्रश्नाला त्या 'नाही' म्हणतात, आणि ते श्रम कागदावर येतच नाहीत.

सरासरीत न दिसणारा आणखी एक गट म्हणजे भरतीची तयारी करणारे. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी ही मुले गावोगावी दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांचे धावणे जाहिरातीवर चालते. सैन्याचे मेळावे रखडले, पोलीस भरती लांबली, तसा सरावही मंदावला. २०२३च्या सुरुवातीला पोलिसांची मैदानी चाचणी लागताच मैदाने पुन्हा भरली. याला महासाथीनंतरची सुधारणा म्हणून मोजणे बरोबर नाही.

२०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीने खेळाला श्रेयांक मिळू लागले, पण ते योग, छात्रसेना, सेवा योजना, सांस्कृतिक उपक्रम यांच्यासोबत एकाच सहअभ्यासक्रम गटात. विद्यार्थी मैदानाकडे न फिरकताही ते पूर्ण करू शकतो. त्या वर्षी प्रथम वर्षात आलेल्या बहुतेकांनी नववीचा बराचसा काळ घरात काढला होता, पीटीच्या तासाशिवाय. त्यांची तुलना २०१९च्या विद्यार्थ्यांशी होते, पण त्यांचे स्वतःचे 'आधीचे' आकडे शाळेतले आहेत, आणि ते कोणी फारसे नोंदवलेले नाहीत.