फ्रेंच ऑगस्टचा ‘ऊ’ कसा झाला

फ्रेंचमध्ये ऑगस्टचं नाव लिहायला चार रोमन वर्ण लागतात: ए, ओ, यू, टी. म्हणताना मात्र नुसतं ‘ऊ’, नाहीतर ‘ऊत’. आपण वृत्तात मोजतो तसं मोजलं तर एकच अक्षर.

मुळात ती तीन होती. इ.स.पू. 8 मध्ये रोमच्या सिनेटनं सेक्स्टिलिस महिन्याला सम्राट ऑगस्टसचं नाव दिलं. लॅटिनमध्ये ते आउ-गुस-तुस. बोलीत पहिल्या अक्षरातला उ गळाला, कारण पुढे लगेच दुसरा उ होताच. मग दोन स्वरांमधला ग विरला, शेवट झिजला आणि जुन्या फ्रेंचमध्ये आ-ऊस्त उरलं. तेराव्या शतकापर्यंत व्यंजनाआधीचा स बोलण्यातून गेला. पुढे शेजारचा आ ऊमध्ये बुडाला. फ्रेंच कवी ला फाँतेननं 1668 मध्ये मुंगीच्या गोष्टीत हा शब्द सुगी या अर्थानं वापरला, तोही सुरुवातीचा ए गाळून.

अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक व्होल्तेर याला ही झीज रानटी वाटे. तो पत्रांवर तारीख घालताना हट्टानं ‘ओग्यूस्त’ लिहायचा. लोकांनी त्याला दाद दिली नाही.

लिखाण बोलण्याच्या मागून रखडत आलं. फ्रेंच अकादमीनं 1740 च्या कोशात असा मुका स पुष्कळ शब्दांतून काढला आणि स्वराच्या डोक्यावर टोपी ठेवली. 1990 च्या सुधारणेनं या शब्दातली टोपीही ऐच्छिक केली. ए मात्र अजून ठाण मांडून आहे.

दोन स्वर शेजारी आले की कोणता टिकेल, याचा नेम नाही. मोराला फ्रेंचमध्ये ‘पाँ’ म्हणतात. तिथे आ राहिला आणि मुका झाला तो ओ. मयूरचा मोर करताना आपल्याकडेही दोन स्वर असेच एक झाले, पण आपण लिहिणंही बदललं.

टी अलीकडे पुन्हा ऐकू येतो. ‘किंवा’ आणि ‘कुठे’ यांसाठीचे फ्रेंच शब्दही ‘ऊ’च असल्यानं त्याची सोयच होते. छापखान्याच्या नियमानं दोन स्वरांमध्ये शब्द तोडायचा नसतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी हा शब्द अखंडच ठेवतात. गंमत म्हणजे ऑगस्टात सुट्टीवर जाणाऱ्यांना फ्रेंच लोक बहुधा ‘आ-ऊ-सियँ’ म्हणतात. त्यात तो आ पुन्हा स्वतंत्र अक्षर होऊन बसलाय.