सिरॅमिक शेल ओतकामातून नमुना भाग

यंत्राचा भाग मोठ्या संख्येने काढण्यापूर्वी त्याचे एक-दोन नग खऱ्या धातूत घडवण्याची ही पद्धत. मेणाचा पॅटर्न (भागाच्या आकाराची प्रतिकृती), त्यावर कवच, मेण गेले की पोकळीत धातू, ही मूळ रीत हजारो वर्षांची आहे. उत्पादनात मेण अ‍ॅल्युमिनियमच्या डायमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायच्या साच्यात, दाबून भरतात. दोन नगांसाठी डाय परवडत नाही, म्हणून पॅटर्न थ्रीडी प्रिंटरवर मेणात, पीएमएमए या अॅक्रिलिक प्लास्टिकमध्ये किंवा स्टीरिओलिथोग्राफीच्या (प्रकाशाने थराथराने घट्ट होणाऱ्या) रेझिनमध्ये काढतात. निवताना धातू आकसतो, त्यामुळे पॅटर्न मुळातच थोडा मोठा ठेवावा लागतो. पोलादासाठी साधारण 2 टक्के.

पॅटर्न मेणाच्या दांड्याला जोडून ‘झाड’ तयार होते. कोलॉइडल सिलिकात (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या पाण्यात) झिरकॉन या खनिजाची किंवा फ्यूज्ड (वितळवून बनवलेल्या) सिलिकाची पूड कालवलेल्या स्लरीत, म्हणजे पातळ लगद्यात, ते बुडवतात, निथळवतात, ओले असतानाच वर सिरॅमिक वाळू टाकतात आणि वाळवतात. असे साधारण 6 ते 9 थर चढतात. पहिला सर्वांत बारीक, कारण ओतीवाचा पृष्ठभाग त्याच्यावरच ठरतो.

खरी कसोटी पॅटर्न बाहेर काढताना लागते. मेण ऑटोक्लेव्हच्या (दाबाखाली वाफ देणाऱ्या बंद पात्राच्या) वाफेने वितळून वाहून जाते. रेझिन मात्र वितळत नाही, जळते, आणि जळण्याआधी फुगते. भरीव असेल तर कवचच तडकवते. म्हणून रेझिनचा पॅटर्न आतून पोकळ, जाळीदार करतात. तापल्यावर जाळी मऊ पडते आणि आतल्या आत कोसळते. पण पॅटर्नच्या पातळ बाहेरच्या सालीला टाचणीच्या टोकाएवढे भोक राहिले, तरी स्लरी आत शिरते आणि शेवटी धातूत सिरॅमिकचा खडा होऊन बसते. बुडवण्याआधी व्हॅक्यूम लावून गळती तपासणे आणि भोके मेणाने बुजवणे हे काम कधीही टाळू नये. जाळताना भट्टीत हवा भरपूर लागते. मागे राहिलेली राख कवच निवल्यावर धुऊन किंवा फुंकून काढतात.

मग कवच पुन्हा तापवून, गरम असतानाच धातू ओततात. त्यामुळे पातळ भिंतीही भरतात. पंपाच्या बंद इंपेलरसारखा (दोन्ही बाजूंनी झाकलेल्या पात्यांच्या चक्रासारखा) वळणावळणाचा भागही असा एकसंध निघतो, कारण साच्यातून पॅटर्न ओढून काढावाच लागत नाही.

नमुना ठरलेल्याच मिश्रधातूचा असल्याने त्यावर भार, उष्णता, गळती यांच्या चाचण्या घेता येतात. मात्र पुढचे उत्पादन डाय-कास्टिंगने (पोलादी डायमध्ये दाबाने धातू भरून) होणार असेल, तर ताकदीचे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. गरम सिरॅमिकमध्ये धातू सावकाश निवतो, पोलादी डायमध्ये झपाट्याने, आणि त्याप्रमाणे धातूचे कण जाड किंवा बारीक होतात.