29 गोल: कौशल्य किती, योगायोग किती?

2009 सालच्या उन्हाळ्यात ब्रिस्टल रोव्हर्स या क्लबकडे रिकी लॅम्बर्ट नावाचा 27 वर्षांचा स्ट्रायकर होता. इंग्लंडमधल्या तिसऱ्या पातळीवरच्या लीग वनमध्ये त्याने नुकतेच 45 सामन्यांत 29 गोल केले होते. आदल्या मोसमात त्याच क्लबकडून, त्याच लीगमध्ये 46 सामन्यांत 14. त्याच्याही आधी, एक पातळी खाली, 36 सामन्यांत 8. साउथॅम्प्टनने त्याच्यासाठी सुमारे 10 लाख पौंड मोजले. तिसऱ्या पातळीवरच्या क्लबसाठी ही मोठी रक्कम होती. साउथॅम्प्टन नुकताच खाली घसरलेला आणि मोसमाच्या सुरुवातीलाच 10 गुणांची शिक्षा डोक्यावर असलेला क्लब होता.

आता आकड्यांकडे नीट पाहा. वर्षभरात गोल दुप्पट झाले. हा माणूस 14 गोलांचा स्ट्रायकर आहे की 29 गोलांचा? लॅम्बर्टची सगळी कारकीर्द मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते. फुटबॉलमध्ये गोल ही घटना इतकी दुर्मीळ आहे, की ती मोजून खेळाडूची किंमत ठरवायला वर्षं लागतात. आणि तरुण खेळाडूला तेवढी वर्षं फार कमी ठिकाणी मिळतात.

क्रिकेटमध्ये फलंदाज एका डावात पन्नास चेंडू खेळला, तर त्याच्याबद्दलची माहिती पन्नास वेळा मिळते. स्ट्रायकरच्या वाट्याला सामन्यात दोन-तीन फटके येतात आणि साधारण दहा फटक्यांतला एक जाळ्यात जातो. म्हणजे चांगल्या स्ट्रायकरचंही नाव बहुतेक शनिवारी गोलफलकावर नसतं.

अशा तुरळक घटनांचं गणित फ्रेंच गणिती सिमेओं प्वासाँ याने एकोणिसाव्या शतकात मांडलं. ते प्रत्यक्षात किती चपखल बसतं हे 1898 साली लाडिस्लाउस बोर्टकिएविच याने दाखवलं. प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ लागून मेलेल्या सैनिकांची नोंद त्याने घेतली. 10 तुकड्या, 20 वर्षं, म्हणजे एकूण 200 नोंदी, आणि त्यांत 122 मृत्यू. नुसत्या योगायोगाने हे मृत्यू विखुरले असते, तर 200 पैकी सुमारे 109 नोंदींत एकही मृत्यू दिसायला नको होता. प्रत्यक्षात आकडा आला 109. एखाद्या वर्षी एका तुकडीत तिघे-चौघे मेले, म्हणून तिथले घोडे जास्त माजलेले होते असं मानायचं कारण नव्हतं.

गोलांचं वागणं बरंचसं असंच असतं. समजा, एका स्ट्रायकरची खरी पातळी मोसमाला 15 गोलांची आहे. ती जराही बदलली नाही, तरी प्वासाँच्या हिशोबाने त्याचा आकडा चारातल्या साधारण तीन मोसमांत 11 ते 19 यांच्या दरम्यान पडेल आणि चौथ्यांदा त्याच्याही बाहेर जाईल. आणखी एक गणित मी करून पाहिलं. 46 सामन्यांच्या मोसमात या खेळाडूवर सलग आठ किंवा अधिक सामने गोलाविना जाण्याची पाळी येण्याची शक्यता किती? ढोबळ उत्तर निम्म्याहून जास्त येतं. सलग आठ सामने कोरडे गेले की इंग्लंडमधली वर्तमानपत्रं त्या स्ट्रायकरचा आत्मविश्वास हरवला असं लिहितात, मॅनेजर त्याला बाकावर बसवतो. बिचाऱ्याच्या खेळात काहीच बिघडलेलं नसण्याची शक्यता मोठी असते.

मग 14 आणि 29? दोन्ही मोसमांत खरी पातळी एकच, म्हणजे सरासरीइतकी 21-22 गोलांची असती, तर दोन मोसमांत 15 गोलांचा फरक पडणं शंभरात दोन-तीनदाच घडलं असतं. अशक्य नाही, पण कठीण. काहीतरी खरोखर बदललं होतं, आणि त्यावर थोडं नशीबही चढलं होतं, असा निष्कर्ष रास्त ठरतो. तरीही सावध माणूस पुढच्या वर्षी घसरण होईल असंच म्हणाला असता. फ्रान्सिस गॉल्टनने 1886 मध्ये उंच आईवडिलांच्या मुलांची उंची मोजून हा नियम दाखवला होता: टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सहसा सरासरीकडे झुकतं. खालच्या लीगमधल्या एका सोनेरी मोसमावर पैसे ओतून पस्तावलेले क्लब इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत.

लॅम्बर्ट घसरला नाही. साउथॅम्प्टनकडून पहिल्याच मोसमात लीगमध्ये 30 गोल, मग 21, मग एक पातळी वर चॅम्पियनशिपमध्ये 27. त्या तीन मोसमांतल्या शेवटच्या दोनांत क्लब लागोपाठ दोन पायऱ्या चढून प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. तिथे पहिल्या वर्षी त्याने 15 गोल केले, दुसऱ्या वर्षी 13. वयाच्या तिसाव्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये पाऊल ठेवणाऱ्याचे हे आकडे आहेत.

त्याआधीची दहा वर्षं मात्र वेगळी होती. लिव्हरपूलजवळच्या कर्बी गावात 1982 च्या फेब्रुवारीत जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी लिव्हरपूलच्या अकादमीत गेला आणि पंधराव्या वर्षी त्याला तिथून काढून टाकण्यात आलं. ब्लॅकपूलनेही पुढे ठेवलं नाही. क्लब नसलेल्या काळात बीटच्या कारखान्यात दिवसाला 20 पौंडांवर बरण्यांना झाकणं लावायचं काम त्याने केलं. मग मॅकल्सफील्ड. तिथून स्टॉकपोर्ट काउंटी, जिथे 98 लीग सामन्यांत 18 गोल झाले. पुढे रॉचडेल, 64 सामन्यांत 28. रॉचडेलमध्ये त्याच्या जोडीला ग्रँट होल्ट होता, तोही कधीकाळी टायर बसवायचं काम केलेला. चौथ्या पातळीवर एकत्र खेळलेल्या या दोघांनी पुढे एका वर्षाच्या अंतराने प्रीमियर लीगच्या मोसमात प्रत्येकी 15 गोल केले. देशातल्या सगळ्या मोठ्या क्लबांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, ज्यांच्यावरून नजर फिरवून गेले, असे दोन स्ट्रायकर एकाच वेळी रॉचडेलसारख्या छोट्या क्लबात सापडावेत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

पंधराव्या वर्षी मुलाला पारखणं इतकं का चुकतं, याचं एक उत्तर शरीरशास्त्रात आहे. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो आणि त्या वर्षात नऊ-दहा सेंटीमीटर भर पडते. पण कुणाला तो बाराव्या वर्षी गाठतो, कुणाला सोळाव्या. एकाच संघातल्या, एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक असू शकतो. शिवाय इंग्लंडमध्ये वयोगट सप्टेंबरपासून मोजतात. त्यामुळे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा ऑगस्टमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही त्याच्यासोबत खेळतो, आणि अकादम्यांमध्ये वयोगटाच्या वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते. स्काउटला वाटतं आपण गुणवत्ता पाहतोय. प्रत्यक्षात तो बरेचदा लवकर आलेलं वयात येणं पाहत असतो. यावर उपाय म्हणून प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी गेल्या दशकात मुलांना जन्मतारखेऐवजी शारीरिक पक्वतेनुसार गटांत खेळवून पाहिलं. अंदाजे प्रौढ उंचीच्या किती टक्के उंची आज गाठली आहे, यावरून गट ठरतात. मला हा उपाय मनापासून पटतो, कारण तो उशिरा वाढणाऱ्या मुलाला पंधराव्या वर्षीच बाहेरचा दरवाजा दाखवत नाही.

लॅम्बर्टचं सगळं कोडं एवढ्याने सुटत नाही. फेब्रुवारीचा जन्म म्हणजे वयोगटाच्या मधोमध. आणि तो मोठा झाल्यावरही वेगवान नव्हताच. 1.88 मीटर उंची, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थोपवण्याची ताकद, हेडर आणि पास देण्याची विलक्षण नजर, हे त्याचं भांडवल होतं. यातली नजर अनुभवाने पिकते. त्यातून सुरुवातीच्या वर्षांत तो मध्यफळीतही खेळायचा. स्टॉकपोर्टच्या 18 गोलांचा अर्थ लावताना हे विसरून चालत नाही.

साउथॅम्प्टनला आल्यावर मॅनेजर ॲलन पार्ड्यूने त्याला वजन कमी करायला बजावलं, आणि लॅम्बर्टने ते मनावर घेतलं. स्ट्रायकर सामन्यात साधारण दहा किलोमीटर हिंडतो, पण त्याचा निकाल काही सेकंदांच्या धावांवर लागतो. या धावांची ऊर्जा स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यातून येते. साठा काही सेकंदांत उतरतो आणि पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तो भरण्याचं काम ऑक्सिजनवर चालतं, म्हणून दमसास चांगला असलेला खेळाडू पुढच्या धावेसाठी लवकर तयार होतो. जास्तीचे किलो अंगावर असले, की प्रत्येक धावेचा खर्च वाढतो. संथ खेळाडूच्या बाबतीत याचं मोल अधिक, कारण त्याला वेगाची उणीव योग्य वेळी योग्य जागी पोहोचून भरून काढायची असते.

योगायोग बाजूला सारून खेळाडूला मोजायची एक जागा फुटबॉलमध्ये आहे: पेनल्टी. चेंडू स्थिर, अंतर 11 मीटर, समोर एकच गोलकीपर. व्यावसायिक फुटबॉलमध्ये शंभरातल्या 75 ते 80 पेनल्टी गोल होतात. लॅम्बर्टने साउथॅम्प्टनकडून 34 पेनल्टी मारल्या आणि 34 गोल केले.

यश 78 टक्के धरलं, तर सलग 34 गोल होण्याची शक्यता 4,500 हून अधिकांत एक इतकी येते. हजारो खेळाडू पेनल्टी मारतात, मग कुणाला तरी हे साधणारच, असा आक्षेप योग्य आहे. पण एकाच क्लबसाठी 34 पेनल्टी मारायला मिळालेले खेळाडू मोजकेच असतात. संख्याशास्त्रात अशा वेळी तीनचा नियम वापरतात: अनेक प्रयत्नांत एकही अपयश नसेल, तर तीनला प्रयत्नांच्या संख्येने भागा. तीन भागिले 34 म्हणजे सुमारे 9 टक्के. लॅम्बर्टचं चुकण्याचं खरं प्रमाण 9 टक्क्यांपेक्षा कमी होतं, असं आपण 95 टक्के खात्रीने म्हणू शकतो. 29 गोलांच्या मोसमाबद्दल एवढ्या खात्रीने काहीच म्हणता येत नव्हतं.

पेनल्टीत गोलकीपरची अडचण भौतिकशास्त्राची आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू 11 मीटर अंतर 0.4 सेकंदांत कापतो. पाहून हालचाल सुरू करायलाच कीपरला 0.2 सेकंद लागतात, आणि मधोमध उभ्या कीपरपासून खांब 3.66 मीटरवर असतो. त्यामुळे त्याला आधीच अंदाज बांधून झेप घ्यावी लागते. म्हणजे मारणाऱ्याने आपली बाजू ओळखू येऊ न देणं महत्त्वाचं. अर्थशास्त्रज्ञ इग्नासिओ पालासिओस-ह्युर्ता यांनी 2003 मध्ये 1,417 पेनल्टी तपासून दाखवलं, की व्यावसायिक खेळाडू बाजू निवडताना द्यूतसिद्धांताला (गेम थिअरीला) अपेक्षित असलेला अनियमितपणा जवळजवळ तंतोतंत पाळतात.

दुसरी बाजू मनाची. 2009 मध्ये एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी पेनल्टी मारणाऱ्यांच्या डोळ्यांचा माग घेतला. दडपण वाढलं की त्यांची नजर गोलकीपरकडे लवकर जायची, तिथेच जास्त वेळ रेंगाळायची, आणि फटके कीपरच्या जवळ पडायचे. पाय डोळ्यांच्या मागे जातो. 34 वेळा, त्यातही हजारो प्रेक्षकांच्या गोंगाटात, नजर हव्या त्या ठिकाणी ठेवणं हे कौशल्यच आहे. साउथॅम्प्टनचा आधीचा नायक मॅट ल टिसिए याने 48 पैकी 47 पेनल्टी गोल केल्या होत्या. त्याची हुकलेली एकमेव पेनल्टी 1993 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मार्क क्रॉस्लीने अडवली.

14 ऑगस्ट 2013 रोजी वेम्ब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध 31 वर्षांचा लॅम्बर्ट इंग्लंडकडून पहिल्यांदा बदली खेळाडू म्हणून उतरला आणि चेंडूला लागलेल्या पहिल्याच स्पर्शाने, कॉर्नरवर हेडर मारून, विजयी गोल केला. वर्षभराने लिव्हरपूलने, पंधराव्या वर्षी त्याला सोडणाऱ्या क्लबने, त्याला परत घेतलं. तिथल्या एका मोसमात लीगमध्ये 2 गोल झाले, तेही बहुतेक वेळ बाकावर बसून. वय वाढलं होतं हे खरंच. पण शेवटची वीस-वीस मिनिटं मिळणाऱ्या स्ट्रायकरबद्दल 2 या आकड्यातून फारसं काही कळत नाही, आणि तरी त्याच आकड्यावर त्याची गच्छंती झाली.

आता बरेच क्लब गोलांपेक्षा फटके मोजतात: कुठून मारला, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने. अशा प्रत्येक फटक्याला गोल होण्याची शक्यता जोडली, की एका मोसमातून कितीतरी जास्त माहिती निघते. आकडेवारीवर चालणाऱ्या ब्रेंटफर्ड क्लबने 2017 मध्ये चौथ्या पातळीवरच्या एक्सेटर सिटीकडून ऑली वॉटकिन्सला सुमारे 18 लाख पौंडांत घेतलं. एक्सेटरकडून आदल्या मोसमात त्याने लीगमध्ये 13 गोल केले होते, आणि नुसत्या या आकड्यावरून त्याची खरी पातळी 9 ची की 17 ची हे सांगता आलं नसतं. ब्रेंटफर्डने सुरुवातीला त्याला मैदानाच्या कडेला खेळवलं, नंतर मधोमध आणलं. 2019-20 मध्ये त्याने चॅम्पियनशिपमध्ये 25 गोल केले आणि ॲस्टन व्हिलाने त्याच्यासाठी 2 कोटी 80 लाख पौंड मोजले. 2024 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेतल्या उपांत्य सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध इंग्लंडचा विजयी गोल त्याचाच.

प्रत्येक फटक्याच्या अशा बारकाईने होणाऱ्या नोंदी लीगच्या उतरंडीत खाली जावं तशा विरळ होत जातात. गावोगावच्या अर्धव्यावसायिक क्लबांत, जिथे खेळाडू आठवडाभर कारखान्यात काम करून शनिवारी मैदानात उतरतात, तिथे स्ट्रायकरला मोजायला अजूनही गोलच आहेत, आणि त्यांचा अर्थ लागेपर्यंत त्याला एक मोसम आणि त्यानंतर आणखी एक मोसम खेळत राहावं लागतं.